बावन्न ओहमची केबल

दाजी तांडेलांनी केबलचं भेंडोळं हमालाला उचलू दिलं नाही. आगबोटीतून पडावात, पडावातून किनाऱ्यावर आणि तिथून बाजारातल्या गुरुदास कोयंडेच्या दुकानापर्यंत ते त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून आणलं. साठी उलटलेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पण चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचं समाधान होतं. भेंडोळं फळीवर ठेवून ते म्हणाले, "बघ. तू दिलल्या तुकड्याक लावन बघलंय. केसाइतको फरक नाय."

गुरुदासने भेंडोळं हातात घेतलं. काळं, करंगळीएवढं जाड, सगळं एकसारखं. वर कधीकाळी छापलेली अक्षरं घासून गेली होती.

मालवणच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. तिथे धक्का नव्हता, खडक होते. मुंबईहून येणारी बोट किल्ल्याच्या बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंची ने-आण पडाव, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्या, करत. आदल्या हंगामात एकदा समुद्र वर आलेला पाहून बोट मालवणला न थांबता सरळ वेंगुर्ल्याला गेली. तशी तार देवगडहून पोस्टात आलीही होती, पण बाहेर निघून गेलेल्या पडावांना ती कशी सांगायची? पडाव बोटीची वाट बघत लाटांवर थांबून राहिले. त्यातला एक खडकावर आदळून उलटला. उतारूंना दुसऱ्या पडावाने वाचवलं, पण पडावावरचा खलाशी शंकर गेला. त्यानंतर दाजी अध्यक्ष असलेल्या पडाववाल्यांच्या सोसायटीने ठरवलं की वायरलेस घ्यायचा. नौदलाच्या मोडीत निघालेले दोन सेट मिळाले, सरकारी परवाना मिळाला. एक सेट किनाऱ्यावरच्या झोपडीत आणि दुसरा सगळ्यांच्या पुढे राहणाऱ्या बाबली तांडेलाच्या पडावावर बसवायचा होता.

हे सगळं बसवणार गुरुदास. तो नौदलात टेलिग्राफिस्ट होता. वडील वारले तेव्हा एकुलता एक म्हणून नोकरी सोडून घरी आला आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. बसला म्हणायचं एवढंच. तो दिवसातून कितीदा तरी दुकान उघडं टाकून किनाऱ्यावर जाऊन येई. त्याची बायको विमला म्हणायची की ह्यांच्या पायाला जमीन मानवत नाही.

दाजी समोर बसले होते. गुरुदासने ब्लेड काढून केबलचं टोक सोललं. आधी काळं रबरी साल, मग तांब्याची विणलेली जाळी, त्याच्या आत पांढुरक्या पॉलिथीनचा दांडा आणि दांड्याच्या मधोमध तार. ती तार बघून त्याचा हात थांबला. त्याने ड्रॉवरमधून सेटबरोबर आलेला मूळचा तुकडा काढून शेजारी धरला. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. आतही दोन्हींत सात-सात पदरांची तार होती, पण मूळ तुकड्यातली तार सुतळीसारखी भरीव होती आणि ह्या नव्या केबलमधली शिवणाच्या जाड दोऱ्यासारखी बारीक.

"काय झाला?" दाजींनी विचारलं.

गुरुदासने त्यांना समजावलं. असल्या केबलमध्ये बाहेरच्या जाडीला किंमत नसते. आतली तार आणि तिच्याभोवतीचं पॉलिथीन यांच्या जाडीच्या प्रमाणावर तिचा इम्पीडन्स, म्हणजे लहरींना होणारा अडथळा, ठरतो. पॉलिथीन तारेच्या साडेतीन पट असलं तर पन्नासच्या आसपास ओहम, सहा पट असलं तर पंचाहत्तर. आपला सेट बावन्न ओहमचा, एरियल बावन्नचं. ही केबल पंचाहत्तरची आहे. सेटमधून निघालेली ताकद पूर्ण वर जाणार नाही, थोडी वाटेतून परत फिरेल.

"थोडी म्हणजे कितकी?"

"थोडीच. बोलना होतला."

"आणि प्लग? तो बसता मां?"

प्लग बसत होता. बाहेरून अगदी घट्ट. पण प्लगच्या मधली पोकळ पिन जाड तारेसाठी केलेली होती. ही बारीक तार तिच्यात लुळी पडत होती. सोल्डर भरून ती पक्की करता आली असती, पण नुसत्या सोल्डरच्या आधारावर राहिलेली तार वाऱ्याने हलत राहिली की कधी ना कधी तडकते. गुरुदासने तेही सांगितलं. मुंबईत दाजींनी दोन दिवस त्या वायरसाठी पायपीट केली होती. दुकानदाराला बावन्न म्हणूनच सांगितलं होतं आणि त्याने मान डोलावली होती. परदेशी माल येणं बंद, पुढची खेप कधी येईल कोणाला ठाऊक नाही. आणि नारळी पौर्णिमा होऊन बरेच दिवस उलटले होते. आगबोटी सुरू झाल्या होत्या.

"लाव तीच," दाजी म्हणाले. "चालता तोवर चालवया."

गुरुदासने तीच लावली. किनाऱ्यावर माडाच्या दोन खोडांचा उंच खांब उभा केला होता, त्याच्या टोकावर एरियल चढवलं. पिनमध्ये सोल्डर भरताना त्याने श्वास रोखून धरला होता. प्लगवर मेण ओतलं, वर कापडाची पट्टी गुंडाळली.

उद्घाटनाला बंदर अधिकारी आले, नारळ फुटला, पेढे वाटले. बाबलीचा पडाव किल्ल्याच्या पलीकडे गेला आणि थोड्या वेळाने झोपडीतल्या सेटमधून खरखरत त्याचा आवाज आला. बाबली विमलाचा धाकटा भाऊ. जन्मभर समुद्रावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे तो सेटमध्येही ओरडत होता. बाहेर जमलेली माणसं हसली. दाजींनी गुरुदासच्या पाठीवर हात ठेवला. गुरुदासचं लक्ष आवाजाकडे नव्हतं. आवाजामागच्या खरखरीत मधेच एक बारीक तुटक टकटक येत होती, ती तो ऐकत होता.

पुढचे काही आठवडे सेट चालला. पोस्टाचा शिपाई देवगडची तार आणून देई, गुरुदास ती पडावाला सांगे. लोकांना त्याची सवय झाली. गुरुदासला मात्र सवय होईना. वारा पडलेला असला की आवाज स्वच्छ येई, वारा सुटला की मधूनमधून जाई. मग तो बाहेर येऊन खांब धरून हलवी, पुन्हा आत जाऊन ऐके. कधी वर चढून पट्टी सोडे, सोल्डर तपासे आणि पुन्हा पट्टी बांधे. तपासताना सगळं ठीक दिसे. खाली उतरला की पुन्हा संशय येई. दुकानात दुरुस्तीला आलेले रेडिओ तसेच पडून राहिले. जेवताना बाहेर माडांची झावळं वाजली की तो अर्ध्या ताटावरून उठे.

विमला दुपारचं जेवण झोपडीतच आणू लागली. तो जेवेपर्यंत ती सेटसमोर बसे. हळूहळू बटण दाबून बोलणं आणि सोडून ऐकणं तिला जमू लागलं. एकदा ती म्हणाली, "तुमी सगळ्यांका सांगून टाका, ह्याचो भरवसो नाय म्हणान."

"सांगलंय दाजींका."

"दाजींका नाय. पडावावरच्यांका."

तेच त्याच्याने होत नव्हतं. दाजींनी खांद्यावर आणलेली वस्तू होती, आणि ती चालतही होती. दहा वेळा बोलावं तर नऊ वेळा उत्तर येत होतं. मुंबईच्या दुकानांना त्याने पत्रं घातली. एकाचं उत्तर आलं की सध्या माल नाही, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी सुभद्रा झोपडीपाशी आली. शंकरची बायको. ती आता बाजारात सुकी मासळी विकायची. डोक्यावरची पाटी उतरवून ती दाराशी उभी राहिली. ह्या झोपडीकडे ती कधी फिरकली नव्हती. वर्षभर ती समुद्राच्या बाजूने येणंच टाळत होती.

"भावजी, एक विचारूचा हा," ती म्हणाली. "माझो दीर उद्यापासून बाबलीच्या पडावावर जातलो. शंकराच्या जाग्यार. तो म्हणता, आता भिती नाय, वायरलेस आसा. ह्या खरा काय?"

गुरुदासला वायरलेस चालतो, असं सांगता आलं असतं. चालत नाही, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही खोटं झालं असतं.

"तुमी नुसता हो नायतर नाय म्हणा," सुभद्रा म्हणाली. "गेल्या साली पण सगळे म्हणत होते, पडाव चांगलो आसा."

"चार दिवस त्येका जावक देव नको, वयनी," गुरुदास म्हणाला. "चार दिवसांनी सांगतंय."

ती पाटी उचलून निघून गेली. गुरुदास त्याच दुपारी सावंतवाडीच्या एस.टी.त बसला. झोपडी विमलाकडे सोपवली. कुठे जातो हे त्याने तिला सांगितलं, दाजींना सांगितलं नाही.

इन्सुलीला सत्यवान राहायचा. नौदलात दोघे एका जहाजावर होते. इन्सुलीच्या पलीकडे गोव्याची हद्द, तिथे पोर्तुगीजांचं राज्य. इकडे ज्या वस्तू बघायला मिळत नसत, त्या तिकडच्या बाजारात ढिगाने असत आणि त्यांतल्या काही काजूच्या रानांतल्या पायवाटांनी इकडे येत. सत्यवान वरकरणी काजूची बागायत बघायचा. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत काय काय असतं हे गुरुदासने ऐकलं होतं. आजवर त्याने ते नुसतं ऐकून सोडून दिलं होतं.

सत्यवानने त्याला काजूची बोंडं ठेवायच्या कोठीत नेलं. घड्याळांचे डबे, नायलॉनच्या साड्या, टॉर्चचे सेल, बाटल्या. त्यामागे दोन भेंडोळी होती, मुरगाव बंदरातल्या कुठल्याशा जहाजवाल्याकडून आलेली. एक जाड, एक बारीक. गुरुदासने दोन्हींची टोकं सोलली आणि शिवणाच्या दोऱ्याने आतली तार आणि पॉलिथीन मोजून बघितलं. जाड केबलमध्ये तार भरीव होती, पॉलिथीन तिच्या साडेतीन पटीच्या आत. तिच्या सालीवरची अक्षरंही शाबूत होती, बावन्न ओहम. बारीक केबल त्रेपन्नची. ओहमच्या हिशेबात दोन्ही बरोबर होत्या. जाड केबलबरोबर तिच्या मापाचे नवेकोरे प्लग होते. बारकीचे प्लग बोराच्या बीएवढे आणि सेटच्या सॉकेटला न बसणारे.

सत्यवान म्हणाला, बारकी ने. पोटाला गुंडाळून वरून सदरा घातला की कोणाला कळायचं नाही. जाडी कुठे लपवणार? सावंतवाडीला कस्टमवाले गाडीत चढतात, पोती तपासतात.

सल्ला बरोबर होता. गुरुदास बारीक केबल हातात धरून बराच वेळ उकिडवा बसून राहिला. बावन्न आणि त्रेपन्नमध्ये काही फरक नव्हता. पण उंच खांबाएवढ्या लांबीत बारीक केबलने निम्मीअधिक ताकद खाऊन टाकली नसती तरी बरीच खाल्ली असती. आणि सेटच्या मोठ्या प्लगमध्ये ती बसवायला मधे नळकांडं घालावं लागलं असतं. ते त्याच्यापाशी नव्हतं. पत्र्याचं करून घातलं असतं, पुन्हा सोल्डर भरलं असतं, पुन्हा मेण, पुन्हा पट्टी. आणि पुन्हा वाऱ्याची झुळूक आली की तो जेवता जेवता उठला असता.

"जाडी दी," तो म्हणाला.

"पकडलो गेलंस तर माझा नाव घेव नको."

"नाय घेवचंय."

सत्यवानने पोत्यात भेंडोळं ठेवून वर नारळ भरायला घेतले, तेव्हा गुरुदासला इतक्या धास्तीतही हसू आलं. मालवणला नारळ घेऊन कोण जातं? मग त्यांनी नवी नाचणी भरली.

सावंतवाडीच्या स्टँडवर खरोखरच कस्टमचे दोघे शिपाई गाडीत चढले. एकाच्या हातात लोखंडी सळई होती, तो प्रत्येक पोत्यात ती खुपसून बघत होता. गुरुदासचं पोतं मागच्या बाकाखाली होतं. त्याने खिडकीबाहेर बघण्याचा प्रयत्न केला, पण मान वळेना. पोत्याच्या दोन बाकं अलीकडे एक बाई बसली होती. शिपायाने तिची वळकटी सोडली आणि तिच्या आतून नायलॉनच्या दोन साड्या निघाल्या. बाई रडू लागली. मुलीच्या लग्नासाठी आहेत, विकायला नाहीत, असं ती परत परत सांगत होती. शिपायांनी तिला खाली उतरवलं आणि तिच्याबरोबर तेही उतरले. कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळताना गुरुदासला ती बाई एका बाकड्यावर पदर तोंडाशी धरून बसलेली दिसली. मालवणपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोरून ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी केबल उतरवली. खालच्या प्लगची पिन मोकळी केली तर आतली तार तडकली होती. सातांपैकी चार पदर तुटलेले, तीन कसेबसे टेकलेले. त्याने ती विमलाला दाखवली. तिने बोटाने ते तुटके पदर एकेक करून वाकवून बघितले. नवी केबल संध्याकाळच्या आत वर गेली. प्लगच्या पिनमध्ये तार घासून, घट्ट बसली. दाजी येऊन बघून गेले. कुठून मिळवली, असं त्यांनी विचारलं तेव्हा गुरुदासने नौदलातल्या जुन्या दोस्ताकडून, एवढंच सांगितलं. दाजी खूष झाले. गुरुदास बाजारात गेला आणि सुभद्राला गाठून म्हणाला, "आता होय."

त्यानंतर आठवड्याच्या आतच समुद्र फिरला. सकाळी ऊन होतं, वारा बेताचा, पण बाहेरून येणाऱ्या लाटा लांब आणि जड होत्या. आगबोट दुपारी यायची होती. पडाव उतारूंना घेऊन निघाले. त्यांत मुंबईला नवऱ्याकडे निघालेल्या बायका होत्या, मुलं होती, ट्रंका होत्या. पडाव किल्ल्याला वळसा घालून बाहेर गेले असतील नसतील, तोच पोस्टाचा शिपाई तार घेऊन आला. वेंगुर्ल्यालाही बोट थांबली नव्हती. मालवणलाही थांबणार नव्हती.

गुरुदासने बटण दाबलं. बाबलीचं उत्तर लगेच आलं, जसा काही तो झोपडीच्या दारातच उभा होता. पण उत्तर भलतंच होतं. त्याला आगबोटीचा धूर दिसत होता. बोट सरळ पडावाच्या रोखानेच येत होती. उतारू म्हणत होते, इतकं आलोच आहोत तर थांबूया. बोटीचा कप्तान आपल्याला बघितल्यावर थांबेल. गुरुदासने तार वाचून दाखवली. बाबली म्हणाला, तार जुनी असेल. गुरुदासने पुन्हा सांगितलं. सेटमधून मागे उतारूंची बोलणी, पोराचं रडणं, वल्ह्यांचा करकराट, सगळं ऐकू येत होतं. शंकरचा भाऊ कोणालातरी खाली बस म्हणून सांगत होता, तेही कळत होतं. बटण सोडून गुरुदास तो आवाजच ऐकत राहिला.

जेवण घेऊन आलेल्या विमलाने त्याच्या हातातून माइक घेतला.

"बाबल्या," ती म्हणाली, "मी विमला बोलतंय. पडाव फिरव."

"ताय, बोट दिसता हा माका."

"ती तुका बघून थांबाची नाय. गेल्या साली खंय थांबली? शंकर थयसरच होतो मां?"

मग बाबली म्हणाला, "फिरवतंय," आणि त्याने मागच्या पडावांना दिलेली हाकही सेटमधून ऐकू आली.

आगबोट मालवणसमोरून वेग कमी न करता गेली. पडाव किल्ल्याच्या आड पोचले तेव्हा बाहेर लाटा फुटायला लागल्या होत्या. संध्याकाळी तर किल्ल्याच्या तटावरून पाणी उडत होतं. पण तोवर सगळे उतारू किनाऱ्यावर होते आणि भिजलेल्या ट्रंका उघडून चिडचिड करत होते. एका गृहस्थाने दाजींना सुनावलं की बोट अगदी समोर आलेली असताना तुमच्या माणसांनी पडाव फिरवले, आता आमची रजा फुकट गेली. दाजींनी त्याची समजूत काढली. जे घडलंच नाही ते लोकांना दाखवणार कसं? सुभद्रा तेवढी किनाऱ्यावर उभी होती. दीर उतरल्यावर तिने त्याच्या अंगावर कोरडा पंचा टाकला आणि कोणाशी काही न बोलता त्याला घेऊन घरी गेली.

गुरुदासला वाटलं होतं की आता तरी जीव स्वस्थ होईल. तसं झालं नाही. झोपडीत बसलं की केबलवरची अक्षरं दिसत आणि त्यांच्यामागे बाकड्यावरची ती बाई दिसे. सेट उत्तम चालत होता आणि त्याला पुन्हा ताटावरून उठावंसं वाटत होतं. दोन दिवस त्याने काढले. तिसऱ्या दिवशी तो दाजींच्या घरी गेला आणि केबल कुठून, कशी आणली ते सांगितलं. सत्यवानचं नाव तेवढं सांगितलं नाही.

दाजी माडीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माका आदी सांगलं असतंस तर मी नाय म्हटलं असतंय," ते म्हणाले.

"म्हणानच नाय सांगलंय."

"आणि आता कित्याक सांगतंस?"

परवाना सोसायटीच्या नावावर आहे, कधीतरी तपासणीला माणूस येणार, तेव्हा सगळ्यांवर येईल, असं काहीतरी गुरुदास म्हणाला. मग म्हणाला, "माका बसवत नाय, दाजी."

दाजी आत गेले आणि डोक्याला टोपी घालून बाहेर आले. त्याच दिवशी दोघे वेंगुर्ल्याच्या कस्टम कचेरीत गेले. तिथला अधिकारी देशावरचा होता, तरुण, सौम्य बोलणारा. आपणहून कबुली द्यायला आलेला माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा. दाजींनी पडावांची सगळी हकीगत शुद्ध मराठीत, जपून जपून सांगितली. अधिकाऱ्याने मधे अडवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "दाजी, तुमची अडचण मला समजते. पण माल जप्त करावाच लागेल. आणि यांच्या नावावर गुन्हा नोंदवावा लागेल. तो टाळणं माझ्या हातात नाही."

"सोसायटीचं काय?" दाजींनी विचारलं.

"सोसायटीला माहिती नव्हतं, असं हे लिहून देतायत. तेवढं मला पुरेसं आहे."

कस्टमचा माणूस मालवणला आला आणि केबल उतरवून घेऊन गेला. गुरुदासनेच वर चढून ती सोडून दिली, तिला बाक येऊ नये म्हणून नीट गुंडाळली. दंड भरला. सेट मुका झाला. पुढचे दिवस गुरुदास बाबलीच्या पडावावर जाऊ लागला. किनाऱ्यावर बसून वाट बघण्यापेक्षा ते त्याला बरं वाटे. काठीला लाल कापड बांधून किनाऱ्यावरून खुणा करायची काहीतरी व्यवस्था विमलाने आणि सुभद्राने केली होती. ती कधी दिसे, कधी धुरकट हवेत दिसत नसे.

मग एके दिवशी दाजी म्हणाले, चल मुंबईक. दोघे गेले. फोर्टातल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या, गोदीजवळच्या दुकानांतून फिरले. जिथे केबल मिळे तिथे दाजी स्वतः दुकानदाराला टोक सोलून दाखवायला लावत आणि आतली तार बघत. बारीक दिसली की मान हलवून बाहेर पडत. माझगावला, जहाजांचं जुनं सामान विकणाऱ्या एका पारशाच्या गुदामात त्यांना हवी ती मिळाली, पावतीसकट. जुने प्लग सोल्डर भरून निकामी झाले होते, आणि तिथले प्लग मात्र वेगळ्याच जातीचे होते. दिसायला तेच, आटेही जुळणारे, पण मधली पिन किंचित बारीक. सेटच्या सॉकेटमध्ये ती नीट टेकली नसती. गुरुदासने ते परत ठेवले आणि बरोबर मापाचे मिळेपर्यंत आणखी दोन दिवस दाजींना हिंडवलं. दाजींचे पाय सुजले. त्यांनी एकदाही चालता तोवर चालवया असं म्हटलं नाही.

हंगाम संपायच्या आत सेट पुन्हा बोलू लागला. पण गुन्हा नोंद झालेल्या माणसाच्या नावावर ऑपरेटरचं लायसन राहणार नव्हतं. दाजींनी अर्ज-विनंत्या केल्या, उपयोग झाला नाही. तेव्हा परीक्षेला विमला बसली. ती मराठी सातवी पास होती. गुरुदासने तिला पावसाळाभर शिकवलं. शिकवताना तो येरझाऱ्या घालायचा आणि ती म्हणायची, एका जाग्यार उभे रवा, नायतर माझा ध्यान जाता. रत्नागिरीला जाऊन ती परीक्षा देऊन आली आणि पुढच्या हंगामात झोपडीतल्या खुर्चीवर बसली. बंदरावरच्या काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पडाववाल्यांना मात्र तिचा आवाज ओळखीचा होता.

गुरुदासचं दुकान काही चाललं नाही. एका मालवाहू जहाजावर विजेच्या कामाची जागा मिळाली तेव्हा त्याने विमलाला विचारलं. ती म्हणाली, "जावा. हयसर तुमी नुसते खांबाकडे बघत बसतलात."

तो निघाला त्या दिवशी समुद्र शांत होता. बाबलीच्या पडावावर पेटी पायाशी घेऊन तो उतारूंमध्ये बसला. किल्ल्याला वळसा घालून पडाव बाहेर आला, तोच सेट खरखरला आणि विमलाचा आवाज आला. वेंगुर्ल्याहून बोट वेळेवर सुटली आहे, हवा बरी आहे. रोजचंच बोलणं. ते झाल्यावर ती म्हणाली, आवाज नीट येतो का, ते सांगा.

बाबलीने माइक गुरुदासच्या हातात दिला. गुरुदासने बटण दाबलं. आजूबाजूचे उतारू त्याच्याकडे बघत होते.

"आयकाक येता," तो म्हणाला. "सगळा आयकाक येता."